ताण मोजायला गेले आणि बायो ब्रेकचा रिपोर्ट हाती लागला: एका इमर्जन्सी कॉल सेंटरचं प्रकरण

पार्श्वभूमी

आधीच सांगून टाकते, सेंटर कुठलं, शहर कुठलं, नंबर कुठला हे मी लिहिणार नाहीये, आणि माणसांचे काही तपशील मुद्दाम बदललेत. घडलं त्या क्रमाने मात्र सगळं ठेवलंय. त्यात माझी स्वतःची एक मोठी चूक पण आहे, ती गाळली तर हे लिहिण्यात काही अर्थच उरत नाही.

मी कॉलेजमधे मानसशास्त्र शिकवते आणि बाजूला कंपन्यांना सर्व्हे वगैरे करून देते. एका पावसाळ्याच्या शेवटी एचआरमधून फोन आला की आमचं इमर्जन्सी रिस्पॉन्सचं सेंटर आहे, स्टाफचा स्ट्रेस मोजून द्यायचाय, रिपोर्ट महिनाभरात हवाय. मी हो म्हटलं. कशासाठी हवाय हे विचारलंच नाही, म्हणजे विचारलं पण "एम्प्लॉयी वेलनेस" या उत्तरावर गप्प बसले.

सेंटर म्हणजे एक लांबट हॉल, रांगेने सीटा, प्रत्येकासमोर दोन स्क्रीन, आणि समोरच्या भिंतीवर मोठ्या स्क्रीनवर वेटिंगला किती कॉल आहेत तो आकडा. कॉल घेणारे वेगळे, गाडी पाठवणारे डिस्पॅचर वेगळे. तीन शिफ्ट, २४ तास, गणपती-दिवाळी काही नाही, उलट दिवाळीत भाजल्याचे कॉल आणि विसर्जनाला बुडाल्याचे, त्यामुळे सणाला सुट्टी हा विषयच नाही. पोरं-पोरी बहुतेक २२ ते ३० वयाची, कोणी डीएड करून घरी बसलेलं, कोणी बीकॉम, दोन-चार नर्सिंगवाल्या, आणि जवळपास सगळे एजन्सीमार्फत कॉन्ट्रॅक्टवर.

बाहेरच्याला वाटतं की इथे दर मिनिटाला कोणीतरी मरत असेल. तसं नसतं. बरेचसे कॉल फालतू असतात, ब्लँक कॉल, लहान पोराच्या हातात मोबाईल, रिचार्ज संपलाय म्हणून लागणारा एकच नंबर, पिऊन शिव्या देणारे, आणि मुलीचा आवाज ऐकला की "तुमचं नाव काय हो" विचारणारे. या सगळ्यात मधेच एक खरा येतो आणि तो उचलेपर्यंत कळत नाही की हा खरा आहे. खरा आला की मग पत्ता. "मारुतीच्या देवळापाशी या." महाराष्ट्रात मारुतीचं देऊळ नसलेलं गाव दाखवा मला! त्यात पलीकडून अहिराणी नाहीतर मालवणी, घाबरलेल्या आवाजात, आणि कॉल घेणारीने तालुका विचारला की पलीकडचा ओरडतो, किती प्रश्न विचारता, आधी गाडी पाठवा ना. गाडी तर पत्ता कळल्याशिवाय निघत नाही. हे तिला माहीत असतं, त्याला नसतं, आणि शिव्या ती खाते.

मग गाडी पोचते, केस क्लोज. पुढे काय झालं ते कॉल घेणाऱ्याला कधीच कळत नाही.

अडचण काय होती

त्या पावसाळ्यात राजीनामे वाढले होते आणि मेडिकल लीव्ह पण. सर्पदंश, वीज पडणं, घाटातले अपघात, हे कॉल त्या दिवसांत जास्त असतातच. पण एचआर खरी हलली ती एका प्रसंगाने. दुपारच्या शिफ्टमधल्या एका मुलाने चालू कॉलमधे हेडसेट काढला, नीट गुंडाळून टेबलावर ठेवला, आणि उठून घरी गेला. शेजारच्या सीटवरच्या मुलीने धावत जाऊन तो कॉल पूर्ण केला. तो चार दिवसांनी परत आला, कोणाशी काही बोलला नाही, त्याला शो-कॉज नोटीस मिळाली होती.

मॅनेजमेंटचं म्हणणं सरळ होतं. प्रत्येकाची स्ट्रेस लेव्हल टक्क्यात काढून द्या, म्हणजे कोणाला क्रिटिकल डेस्कवर बसवायचं आणि कोणाला नाही ते ठरवता येईल. थोडक्यात कोण तुटणार आहे ते आधी कळावं. मला तेव्हा हे वाजवी वाटलं, हे कबूल करायलाच हवं. सीट ताण देते की माणूस ताण घेतो, हा प्रश्न त्या मीटिंगमधे कोणी काढलाच नाही, माझ्यासकट.

पहिला प्रयत्न आणि १६ चा आकडा

मी सगळ्यात सोपी गोष्ट केली. पर्सिव्ह्ड स्ट्रेस स्केल, मूळ १९८३ सालचं १४ प्रश्नांचं, त्याची नंतरची १० प्रश्नांची आवृत्ती, फुकट मिळते, जगभर वापरली जाते. गेल्या महिनाभरात असं किती वेळा वाटलं, ० ते ४, एकूण ० ते ४०. मराठी भाषांतर होतंच. गूगल फॉर्म केला, टीएलनी (टीम लीडरनी) व्हॉट्सॅप ग्रुपवर लिंक टाकली, शिफ्ट सुटताना भरायचं. आणि कोणी दोनदा भरू नये म्हणून मी फॉर्ममधे एम्प्लॉयी कोड मागितला. वर "तुमची माहिती गोपनीय राहील" असंही लिहिलं, दोन्ही एकाच पानावर.

दोन दिवसांत जवळपास सगळ्यांचे फॉर्म आले. सरासरी मध्यम. लोक सर्रास १३ पर्यंत कमी, २६ पर्यंत मध्यम, त्यापुढे जास्त असं धरतात (खरं तर हे स्केल निदानाचं नाही आणि असे अधिकृत कट-ऑफ बनवणाऱ्यांनी दिलेलेच नाहीत, पण रिपोर्टात रंगीत पाय चार्ट हवा असतो ना). सगळ्यात जास्त "नॉर्मल" कोण, तर नाईट शिफ्ट. मी रिपोर्ट लिहायला घेतला.

आठवडाभराने, सहज म्हणून एकेकाचे टोटल बघत होते तर नाईटच्या कॉलममधे १६, १६, १६, १६. रांगेने.

या स्केलमधे १० पैकी ४ प्रश्न उलटे असतात, चौथा, पाचवा, सातवा आणि आठवा. म्हणजे "गोष्टी तुमच्या मनासारख्या होतायत असं किती वेळा वाटलं" छापाचे. त्यांचे मार्क उलटे धरायचे, ० ला ४. आता कोणी न वाचता दहाच्या दहा ठिकाणी ० मारला तर सहा प्रश्नांचे ० आणि चार उलट्यांचे प्रत्येकी ४, टोटल बरोब्बर १६. म्हणजे ज्याला मी मध्यम ताण समजत होते तो ताण नव्हताच, ते "आम्हाला काही झालेलं नाही, जाऊ द्या" होतं. सरासरी बघत बसले म्हणून मला आठ दिवस ते दिसलं नाही. विद्यार्थ्यांना दर वर्षी सांगते की आधी कच्चा डेटा डोळ्यांखालून घाला, आणि स्वतः हे.

गेटबाहेरच्या टपरीवर एक सीनियर कॉल टेकर भेटल्या, सगळा फ्लोअर त्यांना ताई म्हणतो, मीही ताईच म्हणायचे. त्यांना विचारलं तर हसल्या. "मॅडम, सरांनी ग्रुपवर टाकलं होतं, ऑडिट आहे, व्यवस्थित भरा. आणि वर कोड टाकायचा होता. मग आम्ही कँटीनमधे बसून सगळ्यांनी शून्य शून्य मारलं. तुम्ही काय, अकरा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू करून देणार होता का?"

निर्णयाचा पहिला टप्पा: रिपोर्ट द्यायचा की नाही

रिपोर्ट तयार होता, चेक निघणार होता, आणि रिपोर्टात खोटं म्हणावं असं एक वाक्य नव्हतं. बरेच सर्व्हे इथेच संपत असणार असं मला वाटतं. मी एचआरला सांगितलं की हा डेटा फेकून द्यायचा, परत करायचं, आणि यावेळी कोणाचंही वैयक्तिक मार्क तुम्हाला मिळणार नाही. त्यांचा चेहरा पडला. "मग आम्हाला उपयोग काय?" दोन मीटिंगा गेल्या यात. शेवटी ऑपरेशन्सचे हेड, जे स्वतः पूर्वी कॉल घ्यायचे, ते म्हणाले, कोड टाकून मी पण शून्यच मारला असता. त्यावर मिटलं.

कुठले पर्याय होते

श्रीवास्तव आणि सिंग यांचा ऑक्युपेशनल स्ट्रेस इंडेक्स, १९८१ चा, आपल्याकडचाच, ४६ विधानं, १२ भाग. कामाचा बोजा, भूमिका स्पष्ट नसणं, हतबलता, कमी दर्जा असं बरंच काही त्यात येतं. कमी दर्जा आणि हतबलता हे दोन भाग तर या लोकांसाठीच लिहिलेत असं वाटावं. पण ते मोजतं नोकरी. हेडसेटमधून कानात काय पडतं, त्याबद्दल त्यात काही नाही.

मास्लाक बर्नआउट इन्व्हेंटरी, म्हणजे कामाने पार थकून जाणं मोजणारी प्रश्नावली, २२ प्रश्न, नावाजलेली पण लायसन्सचे पैसे. त्याऐवजी तशीच कोपनहेगन बर्नआउट इन्व्हेंटरी, २००५ ची, १९ प्रश्नांची, फुकट, आणि थकवा तीन भागांत विचारते, स्वतःचा, कामामुळे आलेला, आणि ज्यांच्यासाठी काम करतो त्या लोकांमुळे आलेला. हा तिसरा भाग मला हवा होता, कारण शिव्या देणारा कॉलर त्यात बसतो.

कारासेकचं १९७९ चं मॉडेल मी प्रश्नावली म्हणून नाही तर चौकट म्हणून धरलं. कामाची मागणी किती आणि त्यावर तुमचा ताबा किती, मागणी जास्त आणि ताबा कमी म्हणजे सगळ्यात वाईट जागा. कॉल टेकर तर अगदी त्या कोपऱ्यात बसलेला असतो. कॉल नाकारता येत नाही, आपणहून कट करता येत नाही, स्क्रिप्टबाहेर बोलता येत नाही, पुढचा कधी येणार ते मशीन ठरवतं.

मॅनेजमेंटला एका व्हेंडरने मनगटी बँड सुचवले होते, हार्ट रेटवरून स्ट्रेस, लाइव्ह डॅशबोर्डवर. मी ठाम नाही म्हटलं. रात्रपाळी, चार कप चहा, तंबाखू, पाळीचे दिवस, अपुरी झोप, या सगळ्याने हृदयाची लय बदलते, आणि कोणाचं हृदय कधी धडधडलं हे टीएलच्या स्क्रीनवर दिसणं हाच एक नवा ताण. लाळेतलं कॉर्टिसोल (ताणाचं हार्मोन) मोजायचा विषय पण कोणीतरी काढला, पण कॉर्टिसोल झोपेतून उठल्यावर चढतं आणि दिवसभर उतरत जातं, आणि इथे दर आठवड्याला शिफ्ट फिरते, म्हणजे तुलना कशाची कशाशी करणार?

एक मुद्दा मात्र मी मीटिंगमधे ओढून धरला. पीटीएसडीचे (भयंकर घटनेनंतर मनावर राहणाऱ्या आघाताच्या आजाराचे) निकष अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ मधे बदलले तेव्हा कामाचा भाग म्हणून भयंकर घटनांचे तपशील पुन्हापुन्हा कानावर पडणं हेही धरलं गेलं. म्हणजे जागेवर असायलाच हवं असं नाही. त्याच्या आधीच्या वर्षी अमेरिकेतल्या ९११ या इमर्जन्सी नंबरचे कॉल घेणाऱ्या १७१ जणांचा एक अभ्यास आला होता, त्यात सगळ्यात वाईट कॉल कुठला विचारल्यावर सगळ्यात जास्त वेळा आलेलं उत्तर म्हणजे लहान मुलाचा अचानक मृत्यू किंवा इजा. आणि गंमत बघा, तिथल्या सरकारी २०१८ च्या व्यवसाय वर्गीकरणात हे लोक पोलीस-फायर ब्रिगेडसोबत नाही, ऑफिसच्या कारकुनी कामांच्या गटात बसवलेत. आपल्याकडे पण नेमणूक पत्रावर "टेलिकॉलर"च लिहिलेलं होतं.

दुसरा प्रयत्न: भाषा आणि पेटी

यावेळी कागद. कोड नाही, नाव नाही, वय पण नाही, फक्त शिफ्ट. दहापेक्षा कमी लोकांच्या गटाचा आकडा कुठेही छापायचा नाही हे लेखी घेतलं, कारण नाईटला बायका मोजक्याच होत्या आणि "नाईट, महिला" एवढं लिहिलं तरी नावं कळली असती. पुठ्ठ्याची पेटी मी घरून नेली, तीन शिफ्टना स्वतः बसले, शिफ्ट सुटताना नाही तर सुरू व्हायच्या आधी पगारी अर्धा तास मागून घेतला. शिफ्ट सुटताना माणसाला फक्त बस पकडायची असते.

भाषेवर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो वाया गेला नाही. "तुम्हाला ताण जाणवतो का" विचारलं की नाही. "टेन्शन येतं का" विचारलं की टेन्शन म्हणजे घरचा हप्ता, बहिणीचं लग्न. कामाचं काय होतं विचारल्यावर जे शब्द आले ते असे: कान गरम होतो, डोकं जड होतं, कान वाजत राहतो, घरी फोनची रिंग वाजली की छातीत धस्स होतं, आईचा फोन पण उचलवत नाही. एक मुलगा म्हणाला, घरी कोणी मोठ्याने बोललं की मी आपोआप तालुका विचारतो. सगळे हसले, तोही हसला.

म्हणून कोपनहेगनच्या प्रश्नांना जोडून आठ विधानं आम्ही फ्लोअरच्याच शब्दांत केली, उलटी विधानं टाळली. ती प्रमाणित नाहीत, बाहेरच्या कुठल्या आकड्याशी तुलना होणार नाही, हे मी रिपोर्टात पहिल्याच पानावर लिहिलं. कॉलेजातल्या आमच्या एचओडींना (विभागप्रमुखांना) ते अजिबात आवडलं नव्हतं.

निर्णयाचा दुसरा टप्पा: नववा प्रश्न

इथे मी घाई केली. डिप्रेशनची नऊ प्रश्नांची यादी, पीएचक्यू-९, तीही कागदाला जोडली, कशाला तर आलोच आहोत तर होऊन जाऊ दे. तिचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. घरी पेटी उघडली तर दोन कागदांवर त्या रकान्यात खूण. नाव नाही. मीच वचन दिलं होतं ना.

त्या रात्री झोप आली नाही. अक्षर जुळवून शोधता आलं असतं, लीव्हच्या अर्जांवर सगळ्यांचं अक्षर होतं. तसं केलं असतं तर कदाचित ती दोन माणसं सापडली असती, आणि त्यानंतर त्या फ्लोअरवर कोणीही कुठलाही कागद खरा भरला नसता. एका मैत्रिणीला फोन केला, ती सायकियाट्रिस्ट आहे, ती आधी मला ओरडली की मदतीची सोय नसताना तो प्रश्न विचारलासच का, आणि मग म्हणाली, शोधू नकोस, मदत फ्लोअरवर घेऊन जा. दुसऱ्याच दिवसापासून एक काउन्सेलर तीनही शिफ्टना बाजूच्या खोलीत बसली, प्रत्येकाला, अगदी प्रत्येकाला, दहा मिनिटं आत जाऊन यायचं होतं, म्हणजे कोण गेलं हा प्रश्नच नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर, जो २०२२ पासून चालू आहे, तो प्रत्येकाच्या कार्डमागे चिकटवला. ते दोघं कोण होते मला आजही माहीत नाही. काउन्सेलरने एवढंच सांगितलं की काही जण पुन्हा आले.

आणि मग ब्रेकचा रिपोर्ट

सिस्टीममधे प्रत्येकाचं स्टेटस सेकंदासेकंदाला साठतं. रेडी, कॉलवर, रॅप-अप (कॉलनंतरची नोंद), टी ब्रेक, बायो ब्रेक. बायो म्हणजे टॉयलेट. बायो ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त झाला की आठवड्याच्या "ब्रेक एक्सीड" रिपोर्टात नाव लाल येतं आणि इन्सेंटिव्ह कापला जातो. आमच्या गटचर्चेत एक मुलगी सहज बोलून गेली, "खराब कॉल झाला की मी बायो टाकते, तोंड धुते, येते." बाकीच्यांनी माना डोलावल्या.

आयटीमधल्या मुलाकडून मी दोन महिन्यांचा नावं काढलेला लॉग घेतला. एका बाजूला कॉलचा प्रकार, दुसऱ्या बाजूला त्यानंतर लगेच काय स्टेटस लागलं. लहान मुलं, भाजलेले, विष-गळफास, बाळंतपणात अडकलेल्या बायका, यांच्या मागोमाग बायो, बायो, बायो. आलेख काढायचीसुद्धा गरज नव्हती, स्क्रोल करतानाच दिसत होतं. म्हणजे ताणाचं मोजमाप त्या ऑफिसात आधीपासून रोज, फुकटात चालू होतं, फक्त त्याचं नाव शिस्तभंग ठेवलेलं होतं. हेडसेट ठेवून गेलेला तो मुलगा आधीचे तीन आठवडे लाल यादीत सगळ्यात वर होता.

नाईटला मात्र हे दिसेना. माणसं कमी, उठलं की बोर्डवरचा वेटिंगचा आकडा लगेच चढतो, त्यामुळे नाईटला बायो टाकतच नाहीत. मग ताईंनी सांगितलं. "ब्लँक कॉल आला की आम्ही कट करत नाही मॅडम. हॅलो हॅलो करत धरून ठेवतो. पलीकडे नुसता वारा असतो, नाहीतर कुत्रं भुंकतं. तीच आमची विश्रांती." लॉग उघडून बघितला, खरंच, नाईटचे ब्लँक कॉल दिवसापेक्षा लांब होते.

निर्णयाचा तिसरा टप्पा: काय दाखवायचं, काय नाही

बायोचं मी रिपोर्टात लिहिलं. ब्लँक कॉलचं लिहिलं नाही. कारण उघड होतं, दुसऱ्या दिवशी ब्लँक कॉलला सेकंदांची मर्यादा आली असती आणि नाईटवाल्यांची तेवढीही फट बुजली असती. पण दुसरी बाजू पण आहे, तेवढ्या वेळात कोणाचा तरी खरा कॉल वेटिंगला असू शकतो. मी नाईटला दोन सीट वाढवा एवढंच मागितलं, खरं कारण न सांगता. संशोधक म्हणून हे बरोबर होतं का, माझं अजून ठरत नाही. आता इथे लिहितेय कारण ते सॉफ्टवेअर बदललंय आणि ताईंना विचारूनच लिहितेय.

दुसरी काळजी अशी की बायो ब्रेक हाच ताणाचा मीटर आहे असं एकदा जाहीर केलं की तो मीटर बिघडतो. ज्याचे बायो जास्त तो "हाय रिस्क", म्हणजे पुन्हा व्यक्तीवर बोट. म्हणून अट घातली की हा आकडा फक्त शिफ्टचा बघायचा, महिन्यातून एकदा, आणि त्यावरून सीटची संख्या ठरवायची, कोणाचा इन्सेंटिव्ह नाही.

काय केलं, काय झालं

नवीन स्टेटस आलं, "पाणी ब्रेक", पाच मिनिटं, कॉलनंतर स्वतः टाकायचा, कारण विचारायचं नाही, इन्सेंटिव्हशी संबंध नाही. पहिले पंधरा दिवस कोणीच टाकला नाही. मला वाटलं फसलं. मग कळलं की टीएलच्या डॅशबोर्डवर तो टाकला की सीट केशरी होते आणि मागून "काय झालं?" येतं. रंग बदलून हिरवा करायला आयटीला एक दुपार लागली आणि परवानगीला तीन आठवडे. त्यानंतर एका संध्याकाळी ताईंनी एका वाईट कॉलनंतर मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "मी पाणी टाकतेय गं," आणि उठल्या. त्या दिवसापासून बाकीचे टाकायला लागले.

"पुढे काय झालं" हे कळवायचा प्रयोग अर्धवट जमला. आधी आम्ही प्रत्येक गंभीर केसचा शेवट कॉल टेकरला मेसेजने कळवायला लागलो, मला ही कल्पना फार आवडली होती. एका मुलीला शिफ्टच्या मधेच कळलं की ते बाळ गेलं. तिने सांगितलं, मला माहीत नव्हतं तेच बरं होतं. मग तो मेसेज बंद करून ज्याला विचारायचंय त्याने विचारायचं असं केलं. काही जण दर वेळी विचारतात, काही कधीच नाही, आणि दोघांचंही बरोबरच आहे.

सहा महिन्यांनी तीच पेटी, तेच कागद, फक्त पीएचक्यू वगळून. आकडे वर गेले. म्हणजे थकवा जास्त आला! मॅनेजमेंटने मला बोलावलं, "मॅडम, तुम्ही आल्यावर स्ट्रेस वाढला." माझं म्हणणं, लोक आता खरं लिहितायत, आणि त्याला आधार म्हणजे त्याच काळात मेडिकल लीव्ह कमी झाल्या होत्या आणि कागदांच्या मागच्या कोऱ्या बाजूला लोकांनी आपणहून लिहिलं होतं. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर हे सिद्ध करता येत नाही. ते सहा महिने थंडी-उन्हाळ्याचे होते, पावसाळ्याचे नव्हते, त्यामुळे लीव्ह तशाही कमी झाल्या असत्या. तुलनेला दुसरं सेंटर नव्हतं. पहिला खरा आकडा पण नव्हता, कारण तो आम्ही १६-१६-१६ मधे घालवला होता.

काउन्सेलरचा विषय पुढच्या बजेटवर गेला. नाईटला दोनऐवजी एक सीट वाढली. नोटीस मिळालेल्या त्या मुलाची नोटीस मागे घेतली गेली, पण तोपर्यंत तो एका कुरियर कंपनीत लागला होता.

परत केलं तर वेगळं काय करेन

पैसे ठरवायच्या आधी आकडे कोण बघणार हे लेखी घेईन. टीएलना पहिल्याच दिवशी वेगळं बसवून त्यांचंही मोजेन, कारण दोन्हीकडून मार खाणारा तोच असतो, वरून टार्गेट आणि खालून रडणं, आणि आम्ही त्याला शत्रू धरून बसलो होतो. प्रश्नावलीच्या आधी दोन रात्री फ्लोअरवर हेडसेट लावून नुसती ऐकत बसेन. मी हे शेवटी शेवटी केलं, आणि दुसऱ्याच रात्री घरी येऊन मोबाईल सायलेंटवर टाकला, तो सकाळपर्यंत. मदत हाताशी नसेल तर नववा प्रश्न विचारणार नाही. पावसाळा ते पावसाळा असं पूर्ण वर्ष मागेन, कोणी देणार नाही, तरी मागेन.

मागच्या महिन्यात ताईंचा फोन आला होता, नवीन सॉफ्टवेअरमधे पाणी ब्रेकचं नाव "हायड्रेशन" झालंय. नवीन भरती झालेल्या पोरांना वाटतं की ते उन्हाळ्यासाठी आहे, आणि ती खरंच कूलरपाशी जाऊन दोन ग्लास पाणी पितात, मग येऊन बसतात. ताई त्यांना काही सांगत नाहीत.